शांताक्काच्या डब्यातला अंगठा

शांताक्काच्या खव्यात माणसाचा अंगठा निघाला, ही बातमी आमच्या जळकोटात आधी पोचली आणि शांताक्का मागून. तिला सोलापुराहून यायला जीप लागली. बातमीला तीही लागली नाही.

बातमी सांगायची रीतही ठरलेली. कानात सांगायची, पण शेजारच्या तिघांना ऐकू जाईल अशा बेतानं. नळदुर्गात ती उतरली तेव्हा अंगठा नुसता अंगठा होता. बेंबळीला पोचेस्तोवर त्यात चांदीची अंगठी आली. येडशीच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता, म्हणून तिथल्या लोकांनी सवडीनं त्याचा अख्खा पंजा केला. आणि तो पंजा तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, हेही तिथंच ठरलं. आता तिचा नवरा शरणप्पा गेला तेव्हा त्याला मातीत बसवायला आम्ही सगळे होतो. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून बसवला होता. दोन्ही हात जागच्या जागी होते, मी डोळ्यांनी बघितलेत. पण इतकी रंगलेली गोष्ट असल्यावर मातीत बसलेल्या माणसाची साक्ष कोण काढतंय.

शांताक्काला न बघितलेल्यांसाठी सांगतो. हैदराबाद रस्त्याला लागून तिची खव्याची भट्टी आहे. खवा म्हटलं की लोक भूमकडचं नाव घेतात, घेऊ देत बापडे. पण आमच्या बाजूला जो खवा होतो तो शांताक्काचाच. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगावर इरकल, हातात लांब दांड्याचं उलथणं, आणि तोंड त्या उलथण्यापेक्षा लांब. गिऱ्हाइकाशी बोलायचं मराठीत, शिव्या द्यायच्या कन्नडमध्ये, आणि म्हशीशी दोन्हीत. म्हशीला कळतं म्हणते. दिराला कळत नाही, ही तिची तक्रार.

तो दीर म्हणजे बंडप्पा, शरणप्पाचा धाकटा भाऊ. भट्टीच्या मागं त्याचा गोठा. मध्ये कमरेएवढी भिंत. म्हशी त्याच्या, दूध त्याचं, खवा हिचा. शरणप्पा गेल्यापासून दोघांचं एका गोष्टीवरून रोज भांडण, आणि ती गोष्ट म्हणजे पाणी. खवा कमी पडला, म्हणजे ह्या धंद्यात म्हणतात तसा उतारा कमी आला, की शांताक्का भिंतीवर कोपर टेकवायची.

"बंडप्पा, आज काय विहीर पिळलीस का रे?"

"वैनी, म्हशीला इचारा. म्या फक्त सड धरतो."

हे सकाळी. दुपारी तेच, उलट्या बाजूनं. ती खवा जास्त आटवते म्हणून उतारा कमी येतो, असं तो म्हणायचा. गावात कुणाला करमलं नाही की तो भट्टीवर चहाला जायचा. फुकट चहा आणि वर करमणूक. मी तर साखर कमी घातली तरी जायचो.

दोघं एकमेकांच्या अंगणात मात्र पाऊल टाकत नसत. दुधाची घागर भिंतीवरून इकडं, रिकामी घागर भिंतीवरून तिकडं. सणाला पोळ्याही भिंतीवरूनच जायच्या, आणि वर त्या पोळ्यांना नावंही भिंतीवरूनच ठेवली जायची.

एक सांगायचं राहिलं. बंडप्पाचा हात. माणूस हा असा, वाळलेल्या शेंगेसारखा. तंबाखू मळून मळून डाव्या तळव्याला कायमचा डाग. पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं यांत सड धरला, की सगळ्यात खोडील म्हैससुद्धा डोळे मिटून उभी राही. गंगव्वा नावाची त्याची एक म्हैस तर दुसऱ्या कुणाला बादली टेकू द्यायची नाही. त्याच्या बायकोनं एकदा प्रयत्न केला, तर बादली पत्र्यावर गेली. तेवढा एक अंगठा, बाकी माणसाला दुसरं काही येत नव्हतं. शाळेत मास्तरांनीही हेच सांगितलं होतं.

तर गेल्या चैत्रातली गोष्ट. सकाळचं दूध होऊन खवा निघाला होता. उन्हाळा कडक, म्हणून शांताक्का खवा तिच्या पद्धतीनं बांधत होती. आधी स्वच्छ, घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्यात गुंडाळायचा, मग पिशवीत घालून तोंड आवळायचं, डब्यात खाली बर्फ, वर ती पिशवी. बर्फाचं पाणी खव्याला लागलं तर खवा आंबतो, म्हणून ही सगळी कसरत. डबे सगळे सारखे, झाकणावर तांबड्या रंगाची एक रेघ. उत्तरेश्वर नावाचा आमच्या गावचा ड्रायव्हर ते जीपमध्ये मागं ठेवतो आणि सोलापूरच्या नाक्यावर रुद्रेश हलवायाचा माणूस ते उतरवून घेतो. वर्षानुवर्षं हाच क्रम.

जीप दारात उभी, डबे चढलेले. बंडप्पा गोठ्यात कडबा बारीक कापणाऱ्या कुट्टीच्या यंत्रात पेंढ्या सारत होता. शांताक्का आली, कोपर टेकवलं.

"काय रे, आजचं दूध गाळून दिलंस का नळाखालून?"

बंडप्पानं मान वळवली. त्याच्याकडं उत्तर तयार होतं. तोंड उघडलं होतं. आणि यंत्रानं त्या घडीला पेंढीबरोबर त्याचा अंगठाही घेतला.

ते उत्तर काय होतं, हे आजवर कुणाला कळलं नाही. बंडप्पा म्हणतो, विसरलो. मला वाटतं ते फार चांगलं असणार.

शांताक्का भिंत ओलांडून गेली. कमरेएवढी भिंत आणि तिचा तो देह, कशी गेली ते तिलाही सांगता येत नाही. पदर फाडून तिनं त्याचा हात आवळला आणि वर धरला. बंडप्पा ओरडत नव्हता. यंत्राकडं बघून "बंद करा, पट्टा घासतोय" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात माणसं जमली. आमचे कोंडीराम आले. कोंडीराम म्हणजे कुठलंही मयत असो, पुढची सगळी व्यवस्था तोंडपाठ असलेला माणूस. त्यांनी आल्याबरोबर सुरुवात केली.

"अंगठा सापडला तर त्याला मूठमाती द्या. उघडा राह्यला तर हात जल्मभर ठणकत असतोय."

"तुमाला पुरू का आधी?" शांताक्का म्हणाली.

रस्त्यापलीकडं डॉक्टर राजेश्वरीचा दवाखाना. ती धावत आली, हात बघितला, पट्टी घट्ट केली, आणि विचारलं, "अंगठा कुठंय?"

"कुट्टीत," कुणीतरी म्हणालं.

"शोधा. मातीत टाकू नका, पाण्यात बुडवू नका. कापला गेलाय, चेचला गेलेला नाही. जोडता येईल."

कुट्टीच्या ढिगात हात घालून शांताक्कानंच तो काढला. एक कोंबडी तिकडं निघालीच होती, तिला लाथ बसली. अंगठा बारीक दिसत होता, पांढराफटक, नखाखाली तंबाखूची काळी रेघ. राजेश्वरीनं सलाईनच्या बाटलीतलं पाणी टाकून तो हलकेच धुतला आणि सांगायला लागली. सलाईननं भिजवलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, पिशवीत घालायचा, पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ अंगठ्याला थेट लागता कामा नये.

शांताक्का ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे खव्यावाणी."

"खवा कसा बांधतात मला माहीत नाही," राजेश्वरी म्हणाली, "पण तुम्ही बांधता तसा बांधा."

"मेला न्हाय का तो?" बंडप्पानं विचारलं. तो तेव्हा ओट्यावर बसून अंगठ्याकडं असा बघत होता, जसा दुसऱ्याच्या घरचा पाहुणा चुकून आपल्याकडं आलाय.

"रक्त थांबलं की मांस लगेच मरत नाही, काका. आत जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावर जगतं. गरम ठेवलं तर ते भराभर संपवतं आणि मग मरतं. थंड ठेवलं की त्याची भूक मंदावते. मग वेळ मिळतो. पण फार नाही. निघा आता."

भट्टीवाल्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आच ओढून घेतली की दूध थांबतं, उतू जात नाही, करपत नाही. नुसतं वाट बघत राहतं. तिनं अंगठा बांधला, रिकामा डबा घेतला, बर्फ टाकला, पिशवी ठेवली, झाकण लावलं. झाकणावर तांबडी रेघ. आणि गाडी कुठली, तर दारात उभी होती तीच. अॅम्ब्युलन्सची वाट कोण बघणार. राजेश्वरीनं सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्याला फोन केला, बंडप्पाला मधल्या सीटवर टाकलं, शेजारी शांताक्का, आणि मागं खव्याचे डबे तसेच राहिले. उतरवायला सवड कुणाला होती.

उत्तरेश्वर एरवी बैलगाडीला वाट देणारा ड्रायव्हर. त्या दिवशी नळदुर्ग कधी गेलं, बोरामणी कधी आली, कळलं नाही म्हणतो. शांताक्का एका हातानं बंडप्पाचा हात छताकडं धरून, दुसऱ्या हातानं मांडीवरचा डबा धरून. बोरामणीच्या अलीकडं बंडप्पाची मान कलली. तिनं डबा मागं सरकवला आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं.

"बंडप्पा, सुम्म कुंद्रू," ती म्हणाली. म्हणजे गप बस. तो आधीच गप होता, तीच तिची भीती.

त्यानं डोळे उघडले. "वैनी, अंगठा गेला तर म्हशी इकाव्या लागतील."

"न्हाय जात."

"गंगव्वाला कोण घेणार? लाथा मारती."

"न्हाय जात म्हणलं ना. बोलू नगंस."

आणि इथं ती गोष्ट झाली, जी फक्त ह्या तिघांच्याच हातून होऊ शकते. सोलापूरचा नाका आला. उत्तरेश्वरचा पाय वर्षानुवर्षं त्या खांबापाशी ब्रेकवर जातो. त्या दिवशीही गेला. कशासाठी थांबतोय हे डोक्याला कळायच्या आधी गाडी थांबली. रुद्रेशचा माणूस रोजच्यासारखा खांबाला टेकून उभा. त्यानं मागचं दार उघडलं, हाताला लागतील तसे चार डबे काढले, कारण रोज चारच असतात. आणि शांताक्का, दिराचा हात हवेत धरलेला, पदर रक्तानं भिजलेला, रोजच्या सवयीनं मागं न बघता म्हणाली, "मागल्या बारीचं एक झाकण आलं न्हाय. धाडून दे."

"व्हय अक्का," तो म्हणाला आणि दार लावलं.

गाडी सुटली. तिघांनाही वाटलं, काहीतरी बरोबर झालं.

दवाखान्यात सगळी तयारी होती. बंडप्पाला आत नेलं. डॉक्टर कृष्णराज म्हणून हाताचे सर्जन, तरणा माणूस, बोलायला हसरा. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, पिशवी सोडली, फडकं उलगडलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

शांताक्कानं वाकून बघितलं. "खवा."

"चांगला दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "पण मला अंगठा जोडता येतो, खवा नाही."

शांताक्का मटकन खाली बसली. एवढ्या वर्षांत तिला गप झालेलं कुणी बघितलं नव्हतं. उत्तरेश्वरनं बघितलं, आणि त्यानंच तोंड उघडलं. "साहेब, नाक्यावर दिला. म्हंजे द्यायचा नव्हता. पर दिला."

"कुणाकडं?"

"हलवायाकडं."

"तिथं तो कुठं ठेवतील?"

उत्तरेश्वरनं सांगितलं की खवा आला की रुद्रेश थेट डीप फ्रीजरमध्ये टाकतो. लग्नसराई आहे, माल साठवून ठेवतो.

डॉक्टरांचं हसू गेलं. "लगेच फोन करा. थंड हवाय मला, गोठलेला नकोय. गोठला की आतल्या पेशींत बर्फाचे काटे तयार होतात आणि त्या फुटतात. मग माझ्या हातात काही उरत नाही."

उत्तरेश्वरनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. शांताक्का जमिनीवर बसल्या बसल्या बोटं मोडत होती, आणि आत बंडप्पा नर्सला सांगत होता की वैनीनं खव्यासारखा बांधलाय, काळजी नाही.

आता तिकडं रुद्रेशच्या दुकानात काय चाललं होतं, ते मला रुद्रेशनं स्वतः सांगितलंय, त्यामुळं अर्धं खोटं वजा करून सांगतो.

रुद्रेशचा एक नेम आहे. कुणाचाही डबा आला तरी तो उघडून चिमूटभर खवा घ्यायचा, तळव्यावर रगडायचा, गोळी करायची. गोळी तडकली नाही आणि तूप सुटलं, तरच डबा फ्रीजरमध्ये. सगळ्या हलवायांची ही सवय. पण शांताक्काच्या ती मनाला लागायची. माझ्या खव्यावर भरवसा नाही म्हणून तिनं एकदा सबंध श्रावण त्याला माल दिला नव्हता. त्यानं नंतर तिला शब्द दिला होता की, अक्का, तुमचा डबा तपासणार नाही. आणि त्या दिवसापासून तो तिच्या माघारी न चुकता तपासत होता.

दुकानात गर्दी. त्यानं बोलता बोलता डबा ओढला, पिशवी सोडली, फडकं जरा सैल केलं आणि न बघता चिमूट घ्यायला बोटं आत घातली. चिमटीत काहीतरी कडक आलं. त्याला वाटलं, अक्कानं खडीसाखर घातली. मग त्यानं बघितलं. नखानं त्याच्याकडं बघितलं.

त्याच वेळी त्याच्यासमोर नळदुर्गची एक बाई पेढे घ्यायला उभी होती. तिनंही बघितलं. पेढे तिथंच ठेवून ती निघाली ते थेट एसटीत बसली. पुढं काय झालं ते आपण वर बघितलंच.

रुद्रेश खुर्चीवर बसला. फोन वाजतोय हे त्याला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. शेवटी कुणीतरी त्याच्या कानाला लावून दिला.

"रुद्रेशभाऊ, आजचे डबे उघडू नका," उत्तरेश्वर म्हणाला.

"उघडला."

"मग?"

"मग काय. बसलोय."

"फ्रीजरात ठिवू नका."

"म्या त्याला परत हात लावत न्हाय. फ्रीजरात कोण ठिवतंय."

शांताक्कानं फोन हिसकावला. "रुद्रेश, फडकं गुंडाळ, पिशवीचं तोंड बांध, बर्फ हाय का बघ, झाकण लाव आन् निघ."

"अक्का, हे कुणाचं हाय?"

"बंडप्पाचं."

"बंडप्पा कुठाय?"

"बाकीचा हितं हाय."

रुद्रेश स्कूटरवर आला. कमरेला फडकं, पायांत डबा, चेहरा खव्याच्या रंगाचा. दारातच त्यानं डबा नर्सच्या हातात दिला आणि शांताक्काकडं बघायचं टाळत तिच्या शेजारी बाकावर बसला. डबा आत गेला. थोड्या वेळानं डॉक्टर कृष्णराज दारातून डोकावले आणि म्हणाले, "ठीक आहे. थंड आहे, गोठलेला नाही. बोटात मांसाचा भाग थोडा असतो, म्हणून ते हातापायापेक्षा जास्त वेळ तग धरतं. बघतो."

दार बंद झालं.

बाकावर दोघं. शांताक्काच्या मांडीवर तो दुसरा डबा, खव्याचा. ती म्हणाली, "तपासत न्हाय म्हणला होतास."

"व्हय."

"रोज तपासतोस?"

"रोज."

तिनं झाकण काढलं आणि खव्याचा एक लगदा त्याच्या हातावर ठेवला. "खा. सकाळपासनं काय खाल्लं नसशील." मग म्हणाली, "म्याच बोलले त्याला. नळाखालून दूध दिलंस का म्हणून. त्यो बघाय वळला. दुधात पाणी नव्हतं रे आज. रोजच नसतंय. म्या बोलायचं म्हणून बोलते."

रुद्रेशनं हे मला सांगितलं तेव्हा मी त्याला म्हणालो, हे बंडप्पाला कळलं तर तो उरलेलं आयुष्य ऐकवत राहील. रुद्रेश म्हणाला, म्हणून तर तुम्हाला सांगतोय. मी ते पोचवणारच, असा लोकांचा माझ्यावर भरवसा आहे.

आत काय चाललं होतं ते डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. आधी हाड तारेनं जोडलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं, एक धमनी आणि मग शिरा. शिलाई झाली की रक्त अडवायला लावलेला चिमटा सोडायचा आणि बघत बसायचं. अंगठा मेणासारखा पांढरा. काही होत नाही. मग बुडाशी किंचित गुलाबी, मग पेरापर्यंत, मग नखाखाली. आतला प्रत्येक कण उपाशी बसलेला, त्याला पुन्हा रक्त पोचतंय. डॉक्टर म्हणाले, हे कितीदा बघितलं तरी मी दरवेळी हातातलं काम थांबवतो.

शांताक्काला आत बोलावलं. तिनं अंगठा बघितला, पट्ट्यांतून टोक तेवढं दिसत होतं. म्हणाली, "तंबाखूची रेघ तशीच ठिवली व्हय?"

"ती धुऊन जात नाही," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळं जोडलं."

पण गोष्ट तिथं संपली नाही. दुसऱ्या दिवशी अंगठा काळानिळा पडायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त आत जातंय पण परत फिरत नाही, शिरा अजून नाजूक आहेत. तुंबलेलं रक्त तसंच राहिलं तर जोडलेला अंगठाही हातचा जाईल. आणि मग त्यांनी उपाय म्हणून जी वस्तू मागवली, ती बघून शांताक्का खोलीच्या बाहेर गेली. काचेच्या बरणीत जळवा.

निकिता नावाच्या नर्सनं एक जळू उचलून अंगठ्याच्या टोकाला लावली. जळू चिकटली, फुगली, आणि तुंबलेलं रक्त ओढायला लागली. शिवाय तिच्या लाळेत असं काही असतं की ती सुटल्यावरही रक्त बराच वेळ पाझरत राहतं, गोठत नाही. तेवढ्यात नव्या शिरा वाट काढतात. शांताक्कानं दारातून डोकं घातलं.

"दुखतंय का रे?"

"न्हाय," बंडप्पा म्हणाला. "तुमच्यापरीस बरी हाय. पोट भरलं की सोडती."

निकिता सांगते, ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि इतकी की शेजारच्या खोलीतले पेशंट चौकशीला आले. दोघांचं भांडण पुन्हा सुरू झालं म्हणजे अंगठा वाचणार, हे माझंही तेव्हाच ठरलं. चारेक दिवसांत निळेपणा उतरला.

घरी आल्यावर वेगळीच पंचाईत. अंगठा हातावर होता, पण नुसता पाहुण्यासारखा. वाकत नव्हता, त्याला गार-गरम कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की संवेदनेची नस वाढते ती मुंगीच्या चालीनं, सवड द्यावी लागेल. तोवर गंगव्वाचं दूध कोण काढणार? भट्टी त्या दुधावर. शांताक्का गेली तर गंगव्वानं पाय उचलला. मग तिनं दोरीवरचा बंडप्पाचा न धुतलेला सदरा काढला, इरकलीवर चढवला, आणि त्याच्यासारखीच गोठ्यात जाऊन खोकली. गंगव्वानं वास घेतला, जरा विचार केला, आणि दूध सोडलं.

तो सदरा घातलेली शांताक्का बघायला आम्ही भिंतीपलीकडं रोज जमायचो. बंडप्पा ओट्यावरून सूचना द्यायचा.

"वैनी, तंबाखूपण मळा, म्हंजे तिला खात्री पटंल."

"तुझी म्हैस तुझ्यावानीच बिनडोक हाय."

"मग सदरा काढून बघा."

ती काढत नसे. अंगठ्याचा व्यायाम मात्र तीच करून घ्यायची. खव्याचा गार गोळा त्याच्या हातात द्यायची आणि दाबायला लावायची. सुरुवातीला गोळ्यावर बोटांचे चारच ठसे उठायचे. पुढं पाचवा दिसायला लागला, फिकट, मग जरा खोल. ज्या दिवशी तो "गार लागतंय" म्हणाला, त्या दिवशी शांताक्का भट्टी तशीच टाकून भिंतीपलीकडं गेली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. खवा करपला. तिचा करपलेला खवा जळकोटात पहिल्यांदा कुणी खाल्ला, तो मी.

दिवाळीच्या आधी बंडप्पानं गंगव्वाखाली बादली ठेवली. अंगठा पूर्वीएवढा वळत नाही, थंडीत ठणकतो, आणि कोंडीराम म्हणतात, मी सांगितलं होतं. पण सड धरला आणि धार लागली. शांताक्का भिंतीला टेकून बघत होती. बादली भरल्यावर तिनं बोट बुडवून चाखलं.

"पाणी हाय," ती म्हणाली.

बंडप्पाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

बातमी मात्र अजून फिरतेय. परवा उमरग्याच्या बाजारात एकानं मलाच ऐकवली, आणि पंज्याच्या जागी आता कोपरापर्यंतचा हात झालाय. शांताक्काला सांगितलं तर म्हणाली, "खांद्यापोत जाऊ द्या, मग म्या बोलते." ती काही बोलणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

खव्यात अंगठा निघाला नव्हता. त्या डब्यात खवा नव्हताच. त्यात बंडप्पाचा उजवा अंगठा होता, ओल्या कापडात आणि पिशवीत बांधून बर्फावर ठेवलेला, आणि सोलापूरच्या नाक्यावर तो डबा चुकून हलवायाकडं उतरला. त्याच दिवशी तो अंगठा परत हातावर जोडला. बंडप्पा आता त्याच हातानं दूध काढतो.